घरकुल अडते ते आजोबांच्या नावावर

पावसाळा जवळ आला की अचलपूरच्या जुन्या मोहल्ल्यांत एकच विषय निघतो, घरकुल कधी मिळणार? आम्ही शिक्षक माणसे, म्हणून शाळा सुटल्यावर लोक अर्ज घेऊन आमच्याकडे येतात. मुंबई-पुण्यात गरिबाला जागाच परवडत नाही. आपल्याकडे तसे नाही. मातीच्या भिंतींचे, टिनाचे का होईना, घर असते. पण त्याचा कागद अजून दादाजानच्या नावावर असतो!

प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी 2015 मध्ये सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर 2024 पासून आहे. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख मिळतात. पैसे एकदम येत नाहीत, बांधकाम पुढे सरकेल तसे हप्ते येतात. अट एकच कठीण आहे : जागा तुमची असल्याचा पुरावा.

इथे बरेच जण घरपट्टीची पावती दाखवतात. पण पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. मालकीसाठी सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका पाहतात. जागा नझूलची किंवा वक्फची असेल, तर आधी त्याची चौकशी करावी लागते.

मग घाईघाईत काय होते? बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. आपाही भावाचे घर व्हावे म्हणून सही करून देते. पण हिशेब बघा. दादाजानच्या मागे बायको, दोन मुलगे आणि दोन मुली असतील, तर कर्ज आणि वसीयत भागवून उरलेल्या रुपयातले दोन आणे बायकोचे. राहिलेल्या चौदा आण्यांचे सहा भाग करायचे. मुलांना दोन-दोन, मुलींना एक-एक. हा हिस्सा कुराणाने ठरवून दिलेला आहे, भावाची मेहरबानी नाही.

म्हणून दोन कागदांतला फरक समजून घ्या. संमतीपत्रात बहीण बांधकामाला हो म्हणते, तिचा हिस्सा कायम राहतो. हक्कसोडपत्र नोंदवले की हिस्सा गेला. आपल्या प्रकरणात हिस्सेदारांचे संमतीपत्र चालेल का, हे नगरपरिषदेत आधी विचारा. हक्क सोडवून घ्यायचाच असेल, तर बहिणीला तिच्या हिश्श्याची रक्कम द्या, हप्त्याने का होईना.

आणि सगळ्यात आधी वारस नोंद करा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज द्या. ‘सगळ्या’ म्हणजे बहिणींचीही. एक पिढी थांबलो तर चार वारसांचे चौदा होतात, त्यातला एक हैदराबादला, एक नागपूरला. मग सह्या गोळा करता करता योजनेची मुदत संपते.

घर पक्के होईल, इन्शाअल्लाह. पण त्याच्या पायात बहिणीचा हक्क गाडलेला नसावा.