विधिमंडळातील अध्यापक

राजकारणात शिरलेल्या शिक्षकांची महाराष्ट्रात कधीच वाण नव्हती. परंतु सभागृहाची पायरी चढल्यानंतरही ज्यांचे शिक्षकपण शाबूत राहिले, एवढेच नव्हे तर ज्यांच्या राजकारणाचे तेच अधिष्ठान ठरले, अशा मोजक्या पुरुषांत प्रा. एन. डी. पाटील यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

१५ जुलै १९२९ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील ढवळी या खेड्यात, शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या नारायण ज्ञानदेव पाटलांनी अर्थशास्त्राचे अध्ययन करून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापकी पत्करली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुले अंगमेहनतीची कामे करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत, आणि त्यांचे रेक्टरपद या तरुण प्राध्यापकाकडे होते. श्रम करणाऱ्याचा विद्येवर हक्क आहे आणि विद्या मिळवणाऱ्याने श्रमाला हीन लेखता कामा नये, हे तत्त्व त्यांनी तेथे प्रत्यक्षात उतरताना पाहिले.

१९६० साली शेतकरी कामगार पक्षातर्फे ते विधान परिषदेवर गेले. तेथे एकूण अठरा वर्षे, १९७८ ते ८० या काळात सहकारमंत्री म्हणून, आणि १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार म्हणून त्यांनी काम केले. ज्या पक्षाच्या पाठीशी बहुमत नाही, त्याच्या प्रतिनिधीला मुद्द्याखेरीज दुसरे हत्यार नसते. म्हणूनच शासनाचा मसुदा, अंदाजपत्रकातील रक्कम आणि खात्याचा अहवाल यांचा कसून अभ्यास केल्यावाचून बोलायला उभे राहायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. एन्रॉनचा वीजप्रकल्प असो, रायगडमधील विशेष आर्थिक क्षेत्रासाठीचे भूसंपादन असो, अथवा ऐंशी ओलांडल्यावर लढलेला कोल्हापूरचा टोलविरोधी लढा असो, आंदोलन म्हणजे केवळ घोषणा नव्हेत, तर आपल्या जमिनीचे आणि पैशाचे काय होणार आहे हे रयतेला उलगडून सांगणे, अशीच त्यांची धारणा दिसते.

१९९० ते २००८ या काळात ते कर्मवीरांच्याच रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन असताना या धारणेला संस्थारूप मिळाले. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांसोबत कारखान्याच्या तळावर जाणाऱ्या मुलाची गावची शाळा सुटते. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळता सांभाळता त्याचे वर्ष बुडते आणि पुढे शाळाच कायमची अंतरते. अशा मुलांसाठी शाळाच तळावर न्यावी, हा साखरशाळेचा विचार संस्थेने अंगीकारला.

१७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. मंत्रिपद त्यांच्याकडे जेमतेम दोन वर्षे होते, तरी लोक त्यांना अखेरपर्यंत प्राध्यापक म्हणूनच ओळखत, यात त्यांच्या कारकिर्दीचे मर्म आहे. मतदाराला केवळ आपल्या बाजूस वळवून घेणारा पुढारी निवडणूक जिंकतो. त्याला विचार करावयास शिकवणारा पुढारी लोकशाही टिकवतो, आणि आज महाराष्ट्राला गरज या दुसऱ्या प्रकारच्या पुढाऱ्याची आहे.