खानावळ

परगावी गेलेल्या माणसास नवे शहर प्रथम कोठे आपले वाटते? बहुधा जेवणाच्या पानावर! कोकणातून व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेले कामगार गावाकडच्या चवीच्या ओढीने गिरणगावातील खानावळी शोधीत. तेथील कष्टाळू बायका महिन्याच्या बोलीवर त्यांस जेवू घालीत. पैसे मात्र पगारानंतर हाती येत. तोवर धान्य भरण्यासाठी सावकाराचे जबर व्याज सोसावे लागे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले व या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. आज अंधेरी, घाटकोपर वा मुलुंड येथे नव्याने राहावयास आलेली मंडळीही पोळी-भाजी केंद्र शोधतात. तुम्ही तेथे जाल, तेव्हा चवीबरोबर रांधणाऱ्या हातांचीही ओळख करून घ्या.