मेजावरील रणांगण : बंदूक, चिलखत आणि औचित्य

खेळ म्हटला कीं तो खोटा, आणि खोट्यास नियम कसला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः खेळाइतके काटेकोर नियम प्रत्यक्ष व्यवहारांतही क्वचितच पाळले जातात. सोंगट्यांच्या पटावर एक घर जास्त मोजलें तर घरांतलें लहान मूलही आजोबांचा हात धरतें. गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्य देशांत वाढलेल्या आणि आतां आपल्या तरुणांच्याही हातीं आलेल्या एका खेळाकडे ह्याच दृष्टीनें पाहावयाचें आहे.

हा खेळ म्हणजे ‘रोल-प्लेइंग गेम’. चारपांच मंडळी मेजाभोवतीं बसतात. प्रत्येकजण एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एक सूत्रधार प्रसंग सांगतो, आणि पात्राचें धाडस सफळ झालें कीं नाहीं हें फाशांवर ठरतें. ह्या प्रकारचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें मूळ लष्करी पटखेळांत असल्यामुळें कोणतें शस्त्र किती इजा करितें व चिलखत ती किती वारतें, हा प्रश्न त्याच्या पांचवीलाच पुजलेला आहे.

त्या पहिल्या खेळांतील उत्तर सोपें होतें. शस्त्र कोणतेंही असो, इजा सहा बाजूंच्या एका फाशाइतकी. चिलखतामुळें वार लागण्याचा संभव कमी होई. परंतु एकदां लागला कीं इजा पुरी. शिवाय पात्राचा अनुभव वाढला कीं त्याचे ‘हिट पॉइंट’, म्हणजे प्राणबळाचे अंक, वाढत. राक्षस आणि तलवारी ह्यांच्या अद्भुत कथेस हें साजतें. पण हेंच माप बंदुकीस लाविलें कीं नायक चार गोळ्या खाऊन धूळ झटकीत उठतो !

प्रत्यक्षांत काय घडतें तें पाहावें. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सुमारें ८ ग्रॅम वजनाची, वेग सेकंदास सुमारें ३६० मीटर, शक्ति ५०० जूलच्या आसपास. ७.६२ मिलिमीटर रायफलीची गोळी वजनानें थोडीशीच अधिक, सुमारें साडेनऊ ग्रॅम. पण वेग ८४० मीटर असल्यामुळें तिची शक्ति ३३०० जूलच्या घरांत जाते. कारण शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. स्टेफनी क्वोलेक ह्या विदुषीनें १९६५ सालीं ड्यूपाँ कंपनींत शोधलेल्या केव्हलार तंतूंचा अंगरखा पहिली गोळी अडवितो; दुसरी त्यांतून आरपार जाते. तिला थोपविण्यास छातीपाठीवर चिनीमातीच्या जातीची कठीण पट्टी घालावी लागते. ती गोळीचें टोंक फोडते व पाठीमागचा थर तुकडे धरून ठेवतो. मान, मांड्या व हात मात्र उघडेच. शिवाय अडलेल्या गोळीचाही आघात अंगास पोंचतोच. अमेरिकन मानकाप्रमाणें अंगरख्यामागील मातींत ४४ मिलिमीटरपर्यंत खळगा पडला तरी अंगरखा कसोटीस उतरतो. सारांश, मनुष्यानें केलेलें चिलखत म्हणजे कर्णाचें सहज कवच नव्हे.

हें सत्य कांहीं खेळकर्त्यांनीं ओळखिलें. १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ खेळांत चिलखत वार चुकवीत नाहीं, तर इजेंतून कांहीं अंक वजा करितें, तेंही अवयवागणिक. स्टीव्ह जॅक्सनच्या ‘गर्प्स’ खेळानें १९८६ पासून हीच रीति बंदुकीस लाविली. त्यांत सामान्य मनुष्याचे प्राणांक १०. पिस्तुलाची इजा सरासरीनें ९. साध्या अंगरख्यानें त्यांतले ८ वजा झाले कीं ओरखडाच उरतो. रायफलीची सरासरी साडेचोवीस. तेच ८ वजा जातां उरलेल्या इजेनें मनुष्य शुद्धीवर राहील कीं नाहीं हेंही पुन्हां फाशांवरच ठरावयाचें!

ह्याच वर्षीं निघालेल्या ‘फीनिक्स कमांड’नें मात्र दुसरें टोंक गांठलें. गोळी शरीरांत कोठें शिरली व तिनें काय फोडलें, हें कोष्टकांमागून कोष्टकें उलटून काढावयाचें. हिशेब बिनचूक होतो. परंतु तोंवर पात्राची भीति आणि श्रोत्यांची उत्कंठा दोन्हीही थंड झालेलीं असतात.

आपल्या साहित्यशास्त्रानें ह्या प्रश्नाची किल्ली फार पूर्वींच दिली आहे. आनंदवर्धनानें रसभंगाचें कारण अनौचित्य हेंच मानिलें, आणि क्षेमेंद्रानें तर औचित्यावर स्वतंत्र ग्रंथच रचिला. खेळांतील वास्तवताही कोष्टकांच्या संख्येंत नसून औचित्यांत आहे. पिस्तुल आणि रायफल, कापड आणि पट्टी, छाती आणि उघडी मान ह्यांचें परस्पर प्रमाण खरें असलें म्हणजे पुरे.

हें प्रमाण राखणें केवळ रसिकतेचें काम नव्हे. जेथें गोळी म्हणजे चिमटा, तेथें मुलगा प्रत्येक वादाचें उत्तर बंदुकीनें देण्यास शिकतो. जेथें एकच गोळी महिनोन्महिने जोपासलेलें पात्र संपवूं शकते, तेथें तोच मुलगा आधीं बोलून पाहतो, आडोसा शोधतो, माघारही घेतो. तेव्हां मुलें असा खेळ मांडून बसलीं असतां वडील मंडळींनीं “खेळांत बंदूक कां ?” एवढेंच विचारून थांबूं नये, “ह्या खेळांत गोळी लागल्यावर काय होतें?” हेंही विचारावें. खेळाची पारख त्या उत्तरांत आहे.