हात न लावता शुश्रूषा

माणसाची सवय नसलेलं मांजर जखमी झालं तर त्याला पकडायचं कसं, ऑपरेशन कोणतं करायचं आणि बरं झाल्यावर सोडायचं कुठे?

गाडीखाली आलेला गल्लीतला कुत्रा केकाटतो, माणसं गोळा होतात, कोणीतरी पाणी आणतं. मांजराचं तसं नसतं. धडक बसलेलं मांजर आवाज न करता सरपटत मीटरच्या खोलीत, पाण्याच्या टाकीमागे किंवा उभ्या गाडीखाली शिरतं आणि तिथेच बसून राहतं. मांजर शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे. दुखणं दाखवणं त्याला परवडत नाही. त्यामुळे अपघात झाल्याचं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. रोज खायला येणारा बोका आलेला नसतो, किंवा जखमेचा वास सुटलेला असतो.

अशा मांजराला घेऊन दवाखाना गाठला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, वाचेल ना?’ भटक्या जनावरांत काम केलेला डॉक्टर उलट विचारतो, ‘बरं झाल्यावर जाणार कुठे?’ प्रश्न कोरडा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. घरच्या मांजराला दिवसातून चारदा उचलता येतं, जखम बघता येते, जबडा उघडून गोळी घालता येते. या मांजराला शुद्धीत असताना एकदाही हात लावता येणार नाही, हे गृहीत धरूनच त्याचे उपचार आखावे लागतात.

माणूस लांबूनच पाहिलेलं

आवारातली सगळी मांजरं सारखी नसतात. काही पायात घोटाळतात. ती कधीतरी कुणाच्या घरात वाढलेली आणि मग सोडून दिलेली असतात. काहींनी जन्मापासून माणूस लांबूनच पाहिलेला असतो. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात, आवाज, वास मिळाला तर ते माणसाळतं. तो काळ उलटला की माणूस म्हणजे धोका, हे पक्कं होतं. जात मात्र एकच, पाळीव मांजराची. शेताकडेला, नदीकाठच्या गवतात दिसणारं रानमांजर ही निराळी जात आहे आणि ते जखमी सापडलं तर वनखात्याला कळवायचं असतं.

घाबरलेलं मांजर मात्र, कोणत्याही प्रकारचं असो, पिंजऱ्यात गेलं की फिसकारतं आणि पंजा मारतं. म्हणून जाणते लोक पहिल्या दिवशी निकाल देत नाहीत. तीन-चार दिवसांनी एखादं मांजर जाळीला अंग घासायला लागतं. त्याला घर शोधता येतं. दुसरं कोपऱ्यात अंग चोरून, नजर न काढता बसून राहतं. हा लेख त्या दुसऱ्याविषयी आहे.

पकडण्याची घाई नको

बहुतेक घोटाळा पकडतानाच होतो. चार जण चारी बाजूंनी घेरतात, मांजर मोडक्या पायाने भिंत चढायला जातं आणि आतल्या आत मोडलेलं हाड कातडी फाडून बाहेर येतं. जाड मोज्यांचाही फार भरवसा नसतो. मांजराचे सुळे त्यांतून आरपार जाऊ शकतात.

त्यापेक्षा सापळ्याचा पिंजरा बरा. लांबट जाळीचा पिंजरा, आत पाय पडला की दबणारी फळी आणि मागे पडणारं दार. नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थांकडे तो सहसा मिळतो. तळाला वर्तमानपत्र अंथरायचं, म्हणजे जाळी पायाला टोचत नाही. खाणं फळीच्या पलीकडे, अगदी टोकाला ठेवायचं. अलीकडे ठेवलं तर मांजर मान लांब करून खातं आणि निघून जातं. खाण्याला वास हवा: उकडलेली तारली, बांगड्याचं डोकं, थोडी सुकट. त्या दिवशी आवारातल्या बाकीच्या वाट्या उचलायच्या. सगळ्यांत अवघड हेच, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ‘बिचारं उपाशी आहे’ म्हणून गुपचूप दूधभात ठेवतातच.

पिंजरा लावून निघून जायचं नाही, लांबून लक्ष ठेवायचं. दार पडलं की लगेच वर चादर टाकायची. अंधार झाला की धडपड थांबते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत चादर काढून कुणाला दाखवायचं नाही.

मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर मात्र सापळ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. कुत्रा तोंड उघडून श्वास घेतो तो गार होण्यासाठी. जखमी मांजर तसं करतं तेव्हा फुप्फुसाला मार लागलेला असू शकतो, छातीत हवा साठलेली असू शकते किंवा मधला पडदा फाटून पोटातले अवयव वर सरकलेले असू शकतात. अशा वेळी जाणत्या माणसाने जाड टॉवेल टाकून त्यातच गुंडाळायचं, खोक्यात ठेवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

घरची औषधपेटी बंद ठेवा

माणसाच्या दुखण्यावरची साधी पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. विषारी अंश रक्तात साठतो, रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही आणि हिरड्या तपकिरी पडतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराच्या जिवावर बेतू शकते. फिनाईल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकंही याच कारणाने घातक. जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाइन ओतायची जुनी सवय आहे. मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे ओतलेलं सगळं पोटात जातं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ऊब, अंधार आणि शांतता एवढंच द्यावं.

आधी सावरणं, मग शस्त्र

हाड मोडलेलं असलं तरी चांगला सर्जन लगेच चिरफाड करत नाही. धक्क्यात गेलेल्या मांजराचं अंग गार पडतं. निरोगी मांजराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. आधी ऊब, सलाइन, ऑक्सिजन आणि वेदनाशामक. मोडलेलं हाड एक-दोन दिवस थांबू शकतं. बंद पडणारं हृदय थांबत नाही.

सुई देण्यासाठी एक बाजू आत सरकणारा पिंजरा वापरतात. मांजर जाळीला टेकलं की बाहेरूनच मांडीत इंजेक्शन देता येतं. त्यात बरेचदा केटामाइन असतं. या औषधाच्या गुंगीत मांजराचे डोळे उघडेच राहतात, म्हणून ते सुकू नयेत यासाठी मलम घालतात. ही गुंगी म्हणजे डॉक्टरला मिळालेली एकमेव संधी. जमेल तेवढं तिच्यातच उरकायचं: एक्स-रे, रक्ततपासणी, जखम धुणं, रेबीजची लस, आणि तब्येत सोसणार असेल तर नसबंदीसुद्धा. नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक, बहुधा डाव्या, सरळ कापतात. ती लांबून दिसते आणि त्या मांजराला त्याच कामासाठी पुन्हा पकडावं लागत नाही.

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय १८८० च्या दशकापासून उभं आहे आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून. प्राण्यांवर शस्त्रक्रिया ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. नवा आहे तो बेवारस मांजराचं हाड जोडण्याचा आग्रह, आणि तो धरताना काही निवडी वेगळ्या कराव्या लागतात.

गाडीच्या धडकेत मांजराचं कमरेचं हाड वारंवार मोडतं. त्याची रचना कड्यासारखी असल्याने ते सहसा एकापेक्षा जास्त ठिकाणी तुटतं. तरीही पाठीमागची वाट अरुंद झाली नसेल आणि मांजर वजन पेलत असेल, तर कित्येकदा चार ते सहा आठवडे पिंजऱ्यातली विश्रांती पुरते. खुब्याच्या सांध्याची वाट लागली असेल तर मांडीच्या हाडाचं गोल टोक काढून टाकतात. तिथे स्नायू आणि तंतूंचा खोटा सांधा तयार होतो. मांजराचं वजन कमी असल्याने तो त्याला छान पेलतो, शिवाय आत प्लेट, खिळा काही राहत नाही. पायाचा चुराडा झाला असेल किंवा त्यातली संवेदनाच गेली असेल तर पाय कापणं हाच दयेचा मार्ग. ऐकायला भयंकर वाटतं, पण तीन पायांची मांजरं भिंतींवर चढतात, उंदीर मारतात. याउलट बाहेरून सळ्या लावून महिनाभर ड्रेसिंग करायचं ऑपरेशन कागदावर कितीही उत्तम असलं तरी या रुग्णाला उपयोगाचं नाही. टाकेसुद्धा कातडीच्या आतल्या थरात, विरघळणाऱ्या दोऱ्याचे घालतात, म्हणजे काढायला पुन्हा गुंगी नको.

काही वेळा उत्तर नकारार्थी येतं. शेपटी गाडीखाली ओढली गेली की मूत्राशयाच्या नसा तुटू शकतात. घरच्या मांजराची लघवी रोज हाताने दाबून काढता येते; इथे ते अशक्य असतं. नसा परत जाग्या होण्याची आशा नसेल तर भूल देऊन शांत मरण देण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो उपचाराचाच भाग आहे, आणि तो घेणाऱ्याला निर्दय म्हणणं अन्यायाचं आहे.

सहा आठवड्यांचं बिऱ्हाड

ऑपरेशननंतर मांजर घरी आणायचं तर एक बंद खोली लागते. तिथे दुसरं जनावर नको, टीव्ही नको, येणाऱ्या-जाणाऱ्यांची ‘बघू तरी’ नको. खोलीत मोठ्या कुत्र्यासाठी असतो तसा घडीचा पिंजरा ठेवायचा आणि तीन बाजू कापडाने झाकायच्या. आत एका टोकाला खाणं-पाणी, दुसऱ्या टोकाला शी-शूचा ट्रे आणि कोपऱ्यात लपायला पुठ्ठ्याचं खोकं. खोक्याला कमी लेखू नये. नेदरलँड्समधल्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपायला खोकं मिळालेली मांजरं इतरांपेक्षा लवकर स्थिरावल्याचं दिसलं. ट्रेमध्ये जखम ओली असेपर्यंत माती किंवा वाळू घालू नये, ती चिकटते. वर्तमानपत्राच्या पट्ट्या उत्तम. वाचून झाल्यावर ही पुरवणीही चालेल.

सफाईची रीत ठरलेली असावी. आधी खोलीचं दार बंद, मग पिंजऱ्याचं उघडायचं. मांजर आपण होऊन खोक्यात शिरलं की खोक्याचं तोंड पुठ्ठ्याने झाकायचं, ट्रे बदलायचा, पाणी भरायचं, पुठ्ठा काढून निघायचं. थोपटायला हात पुढे करायचा नाही, गोड बोलून तोंडाजवळ जायचं नाही. आपल्याला जो लळा वाटतो तो त्याला हल्ला वाटतो.

गोळी खाण्यातून द्यायची, पण भरलेल्या वाटीत कालवून नाही. अर्धी वाटी उरली तर औषध किती पोटात गेलं हे कळत नाही. आधी चमचाभर कोमट माशात औषध द्यावं, ते संपलं की उरलेलं जेवण. कोमट खाण्याला वास जास्त येतो आणि मांजर नाकाने जेवतं. ऑपरेशननंतर दिवसभर खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवावं. काही दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं. लघवी झाली का, हेही रोज पाहायचं. बोक्याची लघवी अडली तर ती तातडीची बाब असते.

चेहरा वाचायचा

हात लावता येत नाही, मग दुखतंय हे कळणार कसं? मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी प्रसिद्ध केली. ती पाच गोष्टी बघते. कान सरळ आहेत की बाजूला वळून चपटे झालेत. डोळे मोकळे आहेत की आवळलेले. नाकाभोवतीचा भाग गोल आहे की ताणलेला. मिशा सैल आहेत की ताठ. डोकं खांद्यांच्या वर आहे की खाली. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. पिंजऱ्याच्या कापडातल्या फटीतून मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवला तरी काम होतं. एक लक्षात ठेवावं, मांजर दुखत असतानाही गुरगुरतं. त्या आवाजावरून ते खुशीत आहे असं समजू नये.

आपलीही काळजी हवी. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. मांजराचे दात बारीक आणि लांब असल्याने जंतू खोलवर जातात आणि हात एका रात्रीत सुजू शकतो. गर्भवती बाईने ट्रे साफ करू नये. घरात मांजर असेल तर त्याचं लसीकरण पूर्ण असावं. मांजरांच्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू कपड्यांवरून, चपलांवरून येतो आणि घरात कित्येक महिने तग धरतो.

परत, त्याच जागी

एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं, मांजर पाय टेकून चालायला लागलं, खाणं सुरळीत झालं की मुक्काम हलवायचा. जिथून उचललं तिथेच सोडायचं. ‘मोठ्या बागेत सुखी राहील’ हा विचार प्रेमळ असला तरी चुकीचा आहे. अनोळखी जागेत खाणं कुठे, लपायचं कुठे, वैरी कोण, यांतलं काहीच त्याला ठाऊक नसतं; कित्येक मांजरं जुन्या जागेच्या शोधात निघून पुन्हा गाड्यांखाली येतात. भर पावसाचा दिवस टाळावा. त्याच्या रोजच्या खाण्याच्या वेळी, नेहमीच्या वाटीशेजारी पिंजऱ्याचं दार उघडून मागे सरावं. पुढचे काही दिवस ते दिसलं नाही तरी घाबरू नये, पण वाटी त्याच जागी ठेवत राहावी.

या सगळ्यात वेळ, पैसा आणि एक खोली जाते, आणि अपघाताच्या रात्री हे तिन्ही जमवणं कठीण असतं. म्हणून ज्या सोसायटीत मांजरांना रोज खाऊ घातलं जातं तिथे तयारी शांत दिवसांतच व्हावी. किती मांजरं आहेत, कोणाचा कान कापलेला आहे, सापळा कोणत्या संस्थेकडे मिळतो, रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, खोली कोण देईल, हे लिहून ठेवावं आणि वर्गणीचा छोटा डबा सुरू करावा. या तयारीचा सराव म्हणजे नसबंदी. त्या निमित्ताने लोकांना सापळा लावता येतो, चादर टाकता येते, काकूंना एक दिवस वाटी उचलायला राजी करता येतं. शिवाय नसबंदी झालेले बोके कमी भांडतात, कमी भटकतात, आणि गाडीखाली येण्याची पाळीही त्यांच्यावर कमी येते.