हेलिकॉप्टर कधी बोलवायचं?

१३ मे १९९६. एव्हरेस्टच्या खुंबू आइसफॉलच्या वर, सुमारे ६,००० मीटरवर, गिर्यारोहकांनी लाल सरबत ओतून बर्फावर मोठी फुली काढली. हिमदंश झालेले दोघे तिथे खोळंबले होते: अमेरिकेचे बेक वेदर्स आणि तैवानचे मकालू गाऊ. नेपाळी लष्कराचे वैमानिक मदन खत्री छेत्री आले, पण एका खेपेत एकालाच नेता येणार होतं. वेदर्सच्या हातांची वाट लागली होती, तरी ते चालू शकत होते. गाऊंना पाऊल टाकवत नव्हतं, म्हणून ते आधी गेले. छेत्री जीव धोक्यात घालून पुन्हा आले आणि वेदर्सही वाचले.

एकच माणूस का? पाती हवा खाली लोटतात म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त; इंजिनाचाही दम कमी पडतो. सपाटीवर, जमिनीलगत तरंगताना थोडा जास्तीचा आधार मिळतो, कारण लोटलेली हवा जमिनीशी अडते. कड्याच्या टोकाशी तो आधार सुटतो, आणि माणसं अडकतात ती बहुधा अशाच जागी.

३० मे २००२ला ओरेगॉनमधल्या माउंट हूडवर जखमींना उचलायला आलेलं लष्करी हेलिकॉप्टर उतारावरून गडगडत गेलं. चालकदल नशिबाने बचावलं. जून २०१३मध्ये केदारनाथच्या मदतकार्यात वायुदलाचं एमआय-१७ गौरीकुंडजवळ कोसळलं आणि २० जण गेले. म्हणून मला वाटतं, पहिला प्रश्न असा हवा: पायी खाली आणण्यात जाणारे तास जखमीच्या जिवावर बेततील का? डोक्याला जबर मार, पोटात रक्तस्राव, उंचीमुळे फुप्फुसात साठलेलं पाणी असेल तर क्षणभरही घुटमळू नये. घोटा मुरगळलाय, ट्रेकर दमलाय, तर स्ट्रेचरच बरा.

शोधमोहिमेत उघड्या बर्फावर हेलिकॉप्टर झटक्यात मोठा टापू पालथा घालतं. दाट झाडीत मात्र वरून काही दिसत नाही, आणि पात्यांच्या घरघरीत हरवलेल्याची हाक विरून जाते.

सह्याद्रीत पावसाळ्यात ढग कड्यांना टेकलेले असतात. लोणावळ्याच्या शिवदुर्गसारखी पथकं दोर-स्ट्रेचर घेऊन पायीच चढतात. हेलिकॉप्टर येणार असलं, तरी पायी पथकाने थांबू नये. ढग उतरले की वैमानिकाला माघारी फिरावंच लागतं. आणि ते पोहोचलंच, तर वरून सोडलेला हूक आधी जमिनीला टेकू द्यावा, मगच हात लावावा. उडताना हेलिकॉप्टरवर साठलेली स्थिर वीज जोराचा झटका देते.