बायपासवाल्या काकांना काय विचारणार?

सत्ताविसाव्या वर्षी माझी मायट्रल झडप बदलायची ठरली आणि आठवड्याभरात माझ्याकडे सात फोननंबर जमा झाले. आत्याच्या दिरांचा, बाबांच्या ऑफिसातल्या एका साहेबांचा, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या भावाचा. सगळ्यांचं हार्टचं ऑपरेशन झालेलं, सगळे साठीच्या पुढचे आणि एकूण एक बायपासवाले. मंडळी प्रेमळ होती. एका काकांनी तासभर बोलून घाण्याचं तेल कुठून आणायचं ते सांगितलं. माझे प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिले. स्कूटर कधी चालवता येईल? ब्लाउजच्या गळ्यातून व्रण दिसेल का? मूल होऊ देता येईल का? रात्री झडप वाजते म्हणतात, ते खरं का? हे आत्याच्या दिरांना कोणत्या तोंडाने विचारणार?

आपल्यासारख्याच माणसाची गाठ पडायला मला दोन महिने लागले. डॉक्टर किंवा हॉस्पिटल आडवं आलं नव्हतं. आडव्या आल्या त्या आमच्या घरातल्याच काही पक्क्या समजुती.

‘या वयात कुठलं हार्टचं दुखणं?’

बायपास होते ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांसाठी. झडपा म्हणजे हृदयाच्या कप्प्यांमधली आणि तिथून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेली दारं. ती नीट उघडली नाहीत तर रक्त अडतं, नीट मिटली नाहीत तर मागे गळतं. तेलतुपाशी याचा संबंध नाही. आपल्याकडे तरुणपणी झडप खराब होण्याचं मोठं कारण लहानपणीच्या घसादुखीत असतं. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूने घसा धरला आणि उपचार झाले नाहीत, तर पाच ते पंधरा या वयात काही मुलांना सांधे धरणारा ताप येतो. जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज स्वतःच्याच झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, घरचे विसरतात आणि पुढे विशी-तिशीत जिना चढताना दम लागायला लागतो. मायट्रल झडपेला हा मार सर्वांत जास्त बसतो आणि अशा रुग्णांत बायका अधिक दिसतात.

दुसरं कारण जन्मजात. महाधमनीच्या झडपेला तीन पानं असायला हवीत. शंभरातल्या एक-दोघांना ती दोनच असतात. अर्नोल्ड श्वार्झनेगर हा त्यांतलाच. १९९७ साली त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली ती याच दोषामुळे, आणि तोवर त्याच्या दंडांकडे पाहून कुणाला शंकाही आली नसेल.

म्हणजे आपल्या वयाचे लोक आहेत, भरपूर आहेत. ते दिसत नाहीत, कारण ते कामावर गेलेले असतात आणि व्रण शर्टाच्या आत असतो.

‘ऑपरेशन झालेल्यांशी बोलू नकोस, उगाच घाबरशील’

हे मला आईने सांगितलं आणि मी ते ऐकलंही. मग एका बुधवारी ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने माझा केसपेपर डोकावून पाहिला आणि विचारलं, ‘मायट्रल? माझी पण. दीड वर्ष झालं.’ ती रक्ताच्या तपासणीला आली होती. बाकावर आम्हाला चाळीस मिनिटं मिळाली.

तिने सांगितलेलं मला आजही ओळीने आठवतं. शुद्धीवर येशील तेव्हा घशात नळी असेल, आवाज फुटणार नाही. हाक मारायची धडपड करू नकोस, सिस्टरना माहीत असतं. काहींचे हात मऊ पट्टीने बांधलेले असतात, झोपेत नळी ओढू नये म्हणून; ती शिक्षा समजू नकोस. छातीतल्या ड्रेनच्या नळ्या काढताना दोन क्षण विचित्र वाटतं, पण दोनच क्षण. खोकताना उशी छातीशी घट्ट धर, म्हणून घरूनच एक छोटी, कडक उशी घेऊन ये. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र कंटाळवाणं आहे, तरी ओढत राहा, त्याच्यावर फुप्फुसं उघडतात. उठताना हातांवर जोर नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. घरी गेल्यावर कुकर, पाण्याची बादली, कडेवरचं मूल, काही उचलायचं नाही. छातीचं मधलं हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. स्कूटर? तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, ‘चार-पाच दिवसांनी रडू येईल. कारण काहीच नसेल. मला वाटलं, मी वेडी झाले.’

सर्जनने मला हे सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांनी धोक्यांची टक्केवारी सांगितली होती, संमतीपत्र वाचून दाखवलं होतं, आणि ते त्यांचं कामच आहे. पण ‘ड्रेन’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि ज्याच्या छातीतून तो निघाला तो माणूस शेजारी वेफर्स खात बसलेला पाहणं वेगळं. माझी भीती त्या चाळीस मिनिटांत गेली नाही. पण तोवर ती सगळीकडे पसरलेली होती. आता तिला ठरावीक जागा मिळाल्या, आणि त्यांची तयारी करता येत होती. मी घरी जाऊन आधी उशी शोधली.

रडण्याबद्दलही ती खरंच बोलली होती. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मन खाली बसणं, झोप उडणं, चिडचिड होणं हे नेहमी दिसतं. बहुतेकांचं ते ओसरतं. दोन आठवडे उलटूनही ओसरलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं, जखमेतून पाणी आलं तर सांगतो तसंच.

मुळात अशा भेटीगाठींची रीत हृदयशस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे. बॉस्टनचे सर्जन ड्वाइट हार्केन यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या हृदयातून बॉम्बगोळ्यांचे तुकडे काढले होते. १९४८पासून ते अरुंद झालेली मायट्रल झडप मोकळी करू लागले. त्या काळी या ऑपरेशनला तयार होणारा रुग्ण म्हणजे जिवावर उदार झालेला माणूस. १९५१ साली त्यांच्या चार बऱ्या झालेल्या रुग्णांना एकत्र आणून ‘मेंडेड हार्ट्स’ ही संस्था सुरू झाली. नाव सरळच, दुरुस्त झालेली हृदयं. ती अजूनही चालू आहे. ऑपरेशन झालेले लोक रीतसर प्रशिक्षण घेऊन नव्या रुग्णांना भेटायला जातात.

‘घरचे आहेत ना!’

आहेत, आणि त्यांच्याशिवाय निभत नाही. पण घरच्यांसमोर आपण शूर असतो. आईचे डोळे भरतील म्हणून ‘मला मरायची भीती वाटते’ हे वाक्य आपण गिळतो, आणि ती आपल्याला वाईट वाटेल म्हणून तिचं वाक्य गिळते. बाकावरच्या अनोळखी मुलीपुढे असं काही गिळावं लागत नाही.

‘तिला चाललं, मग मलाही चालेल’

हा गैरसमज उलट बाजूचा, समदुःखी सापडल्यावर होणारा, आणि सगळ्यांत महागात पडणारा.

यांत्रिक झडप बसवली की रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर गोळी घ्यावी लागते, वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी. तिचा परिणाम आयएनआर या तपासणीने मोजतात. मायट्रल जागेवरच्या यांत्रिक झडपेसाठी हा आकडा साधारण २.५ ते ३.५ ठेवतात, महाधमनीच्या झडपेसाठी बहुधा २ ते ३. तो गाठायला एकीला दोन मिलिग्रॅम पुरतं, दुसरीला पाचही कमी पडतं. यकृत, वजन, जेवण, सोबतची औषधं असं बरंच काही त्यात येतं. त्यामुळे ‘मी तर अर्धीच घेते’ हे वाक्य गप्पांत ठीक, डब्यातल्या गोळीला लावायचं नाही. आकडा घसरला तर झडपेवर गुठळी, फार चढला तर रक्तस्राव. अंगदुखीवर परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळी किंवा कुणी सुचवलेला काढासुद्धा हा आकडा हलवू शकतो किंवा रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतो.

मामांना रक्त पातळ करायची नवी गोळी आहे, तपासणीची कटकट नाही, तूही तीच माग, असं मला दोघांनी सांगितलं. त्या नव्या गोळ्या मामांच्या दुखण्यासाठी चांगल्या असतील. त्यांपैकी डॅबिगाट्रान यांत्रिक झडपेच्या रुग्णांना देऊन पाहिली, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले आणि २०१२मध्ये तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

पालेभाजी बंद करायची हेही असंच अर्धवट ऐकलेलं. मेथी-पालकातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा जोर कमी होतो, एवढं खरं. म्हणून भाजी सोडायची नसते, तिचं प्रमाण आठवड्यामागून आठवडा साधारण सारखं ठेवायचं असतं. महिनाभर शून्य आणि मग हुरड्याच्या सहलीत टोपलंभर मेथी, हे नको.

आणि ‘अमक्याच्या आजींची झडप पायातून तार घालून बसवली, तुझी छाती कशाला उघडतात?’ ती पद्धत फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी २००२मध्ये प्रथम माणसावर केली, आणि ती प्रामुख्याने उतारवयातल्या, महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांसाठी वाढली. अरुंद मायट्रल झडप काही तरुण रुग्णांत फुग्याने मोकळी करता येते, झडपेचा आकार त्याला जुळत असेल तर. माझा जुळत नव्हता. बाकावरच्या मुलीची झडप आधी फुग्यानेच उघडली होती आणि सहा वर्षं चालली होती. दोघींचं दुखणं एक, वाटा दोन.

झडप कुठली घ्यायची हे ठरवताना मात्र दोन्ही प्रकारच्या लोकांशी बोलून घ्यावं. यांत्रिक झडप वर्षानुवर्षं टिकते, पण गोळी सुटत नाही. जनावराच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला सहसा कायमची गोळी लागत नाही, पण ती झिजते, आणि तरुण शरीरात लवकर झिजते; म्हणजे पुढे दुसरं ऑपरेशन आलंच. यातलं काय सोसायचं ते डॉक्टर आपल्याऐवजी ठरवू शकत नाहीत. दर महिन्याला रक्त द्यायला एसटीने तालुक्याला जावं लागणं म्हणजे काय, ते जाणाऱ्यालाच विचारावं. जाता जाता, ‘मेटल व्हॉल्व्ह’मध्ये धातू वाटतो तितका नसतो. बहुतेकांची पानं विशिष्ट कार्बनची असतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली आणि १९९०मध्ये प्रथम रुग्णाला बसवलेली भारतीय चित्रा झडप घ्या. तिची हलणारी तबकडी चक्क प्लास्टिकची आहे. आजकालच्या झडपांसह एमआरआयही बहुधा करता येतो. झडपेचं कार्ड दाखवायचं.

‘लग्न ठरेपर्यंत कुणाला बोलू नका’

यावर मी थोडक्यात लिहिणार होते, पण मला सर्वांत जास्त फोन याच विषयावर येतात, बहुतेक आयांचे. लपवायचं ठरवलं की मुलगी आपल्यासारख्यांना भेटायचीही बंद होते, कारण कुणीतरी पाहील. मग तिला कळतच नाही की झडप बदललेल्या बायका लग्न करतात, त्यांना मुलं होतात. सोपं असतं असं नाही. वॉरफेरिनच्या जातीच्या गोळीने गर्भाला सहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्यंगाचा धोका असतो, आणि गोळी मनाने थांबवली तर आईच्या झडपेवर गुठळी होऊ शकते. म्हणून दिवस राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्यासमोर एकत्र बसून औषधांचं ठरवावं लागतं. लपवून लग्न केलेली मुलगी हे संभाषण कुठे करणार?

मग शोधायचं कुठे?

सर्जनला सरळ विचारा, ‘माझ्या वयाच्या, हेच ऑपरेशन झालेल्या कुणाशी बोलता येईल का?’ ते त्या रुग्णाची परवानगी घेऊन गाठ घालून देऊ शकतात. सरकारी आणि मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. पैशांच्या अर्जासाठी त्यांना भेटतोच, तेव्हा हेही मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावरचे आरोग्यमित्र कागदपत्रं बघतात, पण कोण कधी ऑपरेट झालं हे त्यांच्या ध्यानात असतं. सगळ्यांत हमखास जागा म्हणजे आयएनआरची रांग. दुसरी, दर तीन आठवड्यांनी घ्यायच्या पेनिसिलिन इंजेक्शनची रांग. झडप बदलली की हे इंजेक्शन संपतं असं पुष्कळांना वाटतं, पण लहानपणीच्या त्या सांधे धरणाऱ्या तापाने झडप गेलेली असेल तर ते पुढेही चालू ठेवतात, कारण बाकीच्या झडपा अजून आपल्याच असतात.

मागच्या महिन्यात समाजसेविकाबाईंनी मला एका बावीस वर्षांच्या मुलाशी बोलायला बोलावलं. आयटीआय झालेला, महाधमनीची झडप. तो खाली मान घालून बसला होता, आई शेजारी. मी काय सांगायचं त्याची मनात उजळणी करत होते. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

‘ताई, हेल्मेट तुमचं आहे?’

हो म्हटलं.

‘गाडी कुठली?’

मी सांगितलं. मग त्याने आईला चहा आणायला पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली.