दगडी पाला आणि आजोबांची गोळी

बांधावर आणि शाळेच्या कुंपणाला उगवणारा दगडी पाला आपल्या ओळखीचा आहे. कोणी त्याला एकदांडी म्हणतात, कोणी कंबरमोडी. लांब दांडीवर एकच फूल, मधे पिवळे, कडेला पांढरे. खेळताना गुडघा फुटला की आपण पाला चोळून रस पिळतो. थोडं झोंबतं, पण रक्त थांबतं.

गेल्या श्रावणात गवत कापताना आजोबांच्या बोटाला विळा लागला. मी पळत जाऊन पाला आणला, रस पिळला. रक्त थांबेना! एक फडकं भिजलं, दुसरं भिजलं. आई ओरडली, "अरे, त्यांची ती गोळी चालू हाय ना!" मग बोट घट्ट दाबून, हात वर धरून आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. तीन टाके पडले.

आजोबांच्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ते रोज वॉरफरिनची गोळी घेतात. ही गोळी गुरांच्या वैरणीवरून सापडली, असे गुरुजींनी सांगितले तेव्हा मला नवल वाटले.

१९२० नंतर अमेरिका व कॅनडात गुरे रक्त वाहून मरू लागली. शिंगे कापली तरी रक्त थांबत नसे. ती गुरे स्वीट क्लोव्हर नावाच्या गवताची बुरशी आलेली वैरण खात होती. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेले जनावर आणि न गोठलेल्या रक्ताची किटली घेऊन बर्फाच्या वादळातून कार्ल लिंक या शास्त्रज्ञांकडे पोचला. लिंक आणि त्यांच्या सोबत्यांनी सहा वर्षे खपून त्या वैरणीतला पदार्थ वेगळा काढला. त्यावरूनच पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ साली ते आधी उंदरांचे औषध म्हणून आले, माणसांना १९५४ पासून देऊ लागले. हे ऐकून आजोबा पोट धरून हसले.

आपले यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे पदार्थ बनवते. गोळी नेमके तेच काम अडवते. पालेभाजीत 'के' भरपूर असते, म्हणून आजोबांना आज परातभर आणि उद्या काहीच नाही असे चालत नाही. आजी रोज वाटीने मोजून भाजी वाढते.

दगडी पाल्याच्या रसाने नळीतले रक्त लवकर गोठते, असे प्रयोगात दिसले आहे. पण डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "बाळा, मातीचा पाला जखमेवर नको, धनुर्वात होईल. आधी स्वच्छ फडक्याने दाबून धर, आणि गोळीचं नाव सांगायला विसरू नकोस."

आता आमच्या विळ्याशेजारी धुतलेल्या फडक्यांची घडी असते.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी